गुडघ्याच्या खाली

१२ ऑगस्ट, मंगळवार

सांध्यांच्या डॉक्टरांनी मला रोज लिहायला सांगितलंय. सकाळी अंग किती वेळ आखडलेलं राहतं, कुठला सांधा सुजलाय, शून्य ते दहाच्या मापात दुखणं किती. पहिल्या दिवशी सकाळी मी 'सहा' लिहिलं. दुपारी ते वाचून स्वतःचीच लाज वाटली, कारण दुपारी फारसं काही दुखत नव्हतं. सहाचं चार केलं. दुसऱ्या दिवशी अंथरुणातून पाय खाली टेकवताना वाटलं, चार लिहिणाऱ्या त्या दुपारच्या मुलीला एक ठेवून द्यावी. दोघींतली खरी कोण? म्हणून आकडे बंद आणि हे सुरू.

तर हकिगत अशी. मी जनावरांची डॉक्टर होणार आहे. तिसरं वर्ष चालू आहे. मला घोडे आणि गाईगुरं बघायचीत, कुत्रीमांजरं नाही. मोठ्या जनावराशेजारी उभं राहिलं की माझं डोकं शांत होतं. का, ते मला सांगता येत नाही. गेल्या हिवाळ्यात आधी बोटं आखडायला लागली, मग मनगटं, आणि उन्हाळ्यात दोन्ही गुडघे. गुडघ्याच्या वाट्या दिसेनाशा झाल्या. त्यांच्या जागी फुगलेले पाव ठेवल्यासारखं दिसतं, आणि हात लावला तर कोमट लागतं. गल्लीतले डॉक्टर आधी म्हणाले, अभ्यासाचा ताण. मग म्हणाले, वजन. (माझं वजन! जोराचा वारा सुटला तर मी खांब शोधते.) मग रक्ताची तपासणी निर्दोष आली आणि ते माझ्याकडे असे बघायला लागले, की मलाच वाटलं, आपण सोंग करतोय की काय. शेवटी आईने त्यांचं न ऐकता मला सांध्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आणखी एक तपासणी केली आणि दुखण्याला नाव मिळालं. रुमेटॉइड संधिवात.

"पण तो म्हाताऱ्यांना होतो ना?" आईने विचारलं.

"हा कुणालाही होतो. शरीराचे पहारेकरी घरच्याच माणसांना चोर समजून बडवायला लागतात. आपण पहारेकऱ्यांना जरा शांत करायचं."

त्यासाठी एक गोळी आहे, मेथोट्रेक्सेट. आठवड्यातून एकदाच, दर रविवारी. गुण यायला दोन-तीन महिने लागतील, असं डॉक्टर म्हणाल्या. सुरू करून तीन रविवार झाले. सोमवारी दिवसभर मळमळतं.

नाव मिळाल्यावर बरं वाटायला हवं होतं. मला तर वाटलं, कुणीतरी दुसऱ्याचा कोट माझ्या अंगावर चढवलाय आणि सगळे म्हणताहेत, वा, अगदी मापात बसला.

२१ ऑगस्ट

घरात भांडण झालं. म्हणजे मी भांडले, बाकीचे ऐकत होते.

माझी खोली वरच्या मजल्यावर. शाळेत असल्यापासून माझी. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. निम्मं शहर त्यांच्या जिवावर वर-खाली करतं, आमच्या घरात मात्र अरुंद जिना. आज जेवताना बाबांनी जाहीर केलं, की वरच्या खोलीचं वायरिंग खराब झालंय, धोका आहे, मी आजपासून खाली पुढच्या खोलीत झोपायचं.

"कधी खराब झालं?"

"झालं. वायरिंग काय विचारून खराब होतं?"

"मग दुरुस्त करा ना. तुम्हाला येतं की."

"वेळ मिळाला की करतो. पाणी दे."

आई बाबांकडे बघत होती, बाबा ताटाकडे. मी खूप बोलले. परीक्षेच्या वर्षात कुणी असं करतं का, पुढच्या खोलीत येणारेजाणारे, मी वाचायचं कुठे, वगैरे. बाबांनी हात धुतले आणि माझं टेबल खाली आणायला गेले. संध्याकाळपर्यंत सगळं खाली. शिवाय पलंगाच्या पायांखाली लाकडाचे ठोकळे घातलेत. का, तर म्हणे खाली मुंग्या होतात. आता पलंग इतका उंच झालाय की कडेला बसलं तर तळवे जेमतेम टेकतात.

मुंग्यांना ठोकळा चढता येत नाही, हे मला शास्त्राची विद्यार्थिनी असून माहीत नव्हतं.

३ सप्टेंबर

मोठ्या जनावरांचा विभाग सुरू झाला. शिकवणारे सर उंच, लांब चेहऱ्याचे. त्यांचं नाव घोडेसर कुणी ठेवलं माहीत नाही, पण ते त्यांनाही माहीत आहे.

आज पाय उचलायला शिकवलं. घोड्याच्या खांद्याशी उभं राहायचं, तोंड त्याच्या शेपटीकडे, हात पायावरून खाली नेत न्यायचा, खूर उचलायचा आणि आपल्या दोन मांड्यांमध्ये धरायचा.

"पायाशी बसायचं नाही," सर म्हणाले. "गुडघा टेकायचा नाही, बूड टेकायचं नाही. कमरेत वाका, पण पळायची तयारी ठेवा."

पळायची तयारी म्हटल्यावर मी खाली माझ्या गुडघ्यांकडे बघितलं. मी रांगेत मागे सरकत राहिले आणि माझी पाळी यायच्या आत तास संपला. बरं झालं की वाईट, ठरवता येईना.

सरांनी एक चांगलं सांगितलं, ते मी अधोरेखित करून ठेवलंय, परीक्षेत येईल. जनावर दुखणं लपवतं. कळपात लंगडताना दिसलं तर आधी तेच मारलं जातं, म्हणून ते दिसू देत नाही. ते शांत उभं आहे यावर डॉक्टरने जाऊ नये.

शिडीचं मात्र काहीतरी बिनसलंय. शिडी म्हणजे माझी मैत्रीण, पहिल्या वर्षापासूनची. उंचीमुळे हे नाव. पूर्वी ही बाई अशी ढांगा टाकत चालायची की मला शेजारून पळावं लागायचं. हल्ली फाटकापासून तबेल्यापर्यंत पोचायला तिला युगं लागतात. प्रत्येक सूचनाफलक वाचते. बुटाची नाडी वाटेत दोनदा-तीनदा बांधते. आज मी म्हटलं, "तुझ्या बुटाला नाडी आहे की शाप?" तर नुसती हसली. उशीर होतो तो दोघींना होतो. तिचं अभ्यासातलं लक्ष उडालंय असं मला वाटतं. एकदा शांतपणे विचारायला हवं.

१६ सप्टेंबर

अभ्यासाचा घोळ. खुर्चीत बसून वाचलं की गुडघ्यांत कुणीतरी सिमेंट ओततं. उठून फेऱ्या मारल्या की गुडघे सुटतात, पण वाचलेलं वाटेत सांडतं. पलंगावर पाय लांब करून वाचलं तर झोप. ही झोप पण वेगळीच असते. पुस्तक हातात असतानाच मी मालवते, कुणीतरी दिवा मालवावा तशी. पूर्वी मी आळशी नव्हते. आता मी आळशी आहे की आजारी? दोन्ही असता येतं का? आळशी माणसाला आजार झाला तर कळायचं कसं?

आईने उपाय काढलाय. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांना विचारते, "हे स्पष्ट दिसतं की हे?" घरी आल्यावर ती खुर्चीत बसून पुस्तक धरते आणि मी खोलीत चालत चालत उत्तरं देते. आतड्यांच्या भागांची नावं ती अशी उच्चारते की घोड्याने ऐकलं तर त्याच्या पोटात कळ येईल.

"हे काय सेकम? सेकम की केकम?"

"सीकम."

"मग तसं लिहायला काय होतं त्यांना?"

पण लक्षात राहतं. सीकम आता मी मरेपर्यंत विसरणार नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

हे आजच लिहून ठेवते. 

औषधशास्त्राच्या पुस्तकात आज गाठींवरच्या औषधांचा धडा होता. कुत्र्यांच्या कर्करोगावर देतात ती औषधं. तिसऱ्या पानावर मेथोट्रेक्सेट. माझी रविवारची गोळी. खाली त्याचे दुष्परिणाम, यकृत, रक्तपेशी, तोंडात फोड, सगळं ओळीने.

मी पुस्तक मिटलं, परत उघडलं. तेच होतं.

मला कर्करोग आहे आणि सगळ्यांना माहीत आहे, असं आधी वाटलं. मग वाटलं, नाही, पण मग मला कर्करोगाचं औषध का? पहारेकरी, चोर, असल्या गोष्टी मला का सांगितल्या? आईला विचारावं म्हटलं, तर आई स्वयंपाकघरातून ओरडली, "मळमळ कमी आहे ना आज?" आणि मला वाटलं, तिला माहीत नसेल तर ती घाबरेल, आणि माहीत असेल तर मला ते कळायला नको.

तसंही गेल्या दोन आठवड्यांत मला बरंच बरं वाटतंय. सकाळचं आखडणंही कमी झालंय. सूज उतरलीय, डाव्या गुडघ्याची वाटी हाताला लागते. म्हणजे मुळात काही मोठं नव्हतंच. गल्लीतले डॉक्टर बरोबर असतील. ताण.

रविवारची गोळी आता घेणार नाही. कुणाला सांगायचं नाही असं नाही, पण विचारल्याशिवाय सांगायचं नाही.

१४ ऑक्टोबर

दोन सोमवार मळमळ नाही! तोंडाला चव आहे. आज घोड्याचा पाय उचलला. शिडीने लगाम धरला होता, मी वाकले, खूर उचलला, मांड्यांत धरला, आणि सर म्हणाले, "बरं आहे." घोडेसरांचं 'बरं आहे' म्हणजे दुसऱ्याचा टाळ्यांचा कडकडाट.

त्या आनंदात संध्याकाळी जिना चढून वर गेले, जुनी वही आणायला. तर बाबा माझ्या खोलीत चटईवर बसून पेपर वाचत होते. दिवा लावून!

"वायरिंग खराब आहे ना?"

बाबा दचकले. "या दिव्याचं नाही. भिंतीतलं. तू वर कशाला आलीस? मला हाक मारायचीस."

वही घेऊन मी खाली आले. कळलं मला. माणसाला एका वयात स्वतःची अशी एखादी खोली लागत असेल, आणि घरात मागायला संकोच वाटत असेल. तसं सरळ सांगितलं असतं तर मी आनंदाने दिली असती. बाबा मोठे विचित्र आहेत. पण राग गेला माझा.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

प्रात्यक्षिक परीक्षेचे गट लागले. मोठ्या जनावरांच्या गटात माझं नाव नाही. मी लहान जनावरांत. टेबलावरची मांजरं, उंच स्टूल, बसून तपासणी.

मला वाटलं चूक झाली. कार्यालयात गेले तर बाई म्हणाल्या, सरांनीच बदललंय. मग आईवर संशय आला. मग बाबांवर. तबेल्याच्या मागे शिडी भेटली. मी तिला सांगायला लागले आणि तिचा चेहरा बघून मध्येच थांबले.

"तू?"

"मी फक्त सरांना सांगितलं की तुला त्रास होतो."

"मला काही त्रास होत नाही! त्या दिवशी मी पाय उचलला. तू तिथेच होतीस."

"हो, होते. उचललास. आणि नंतर पाण्याच्या टाकीला धरून उभी होतीस, कुणी बघत नाही असं समजून. गेल्या आठवड्यात तो काळा घोडा उधळला, सगळे पळाले. तू पळाली नाहीस. तू तिथेच उभी राहिलीस, डोळे मिटून. मी काय तुला चिरडलेली बघत बसायचं होतं?"

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तू 'मी ठीक आहे' म्हणाली असतीस."

"मी ठीकच आहे!"

ती हसली नाही, काही नाही. म्हणाली, "बघ, म्हणालीस," आणि निघून गेली. भराभर. पूर्वीसारख्या ढांगा टाकत. म्हणजे तिला भराभर चालता येतं.

मला कळत नाही, ती माझ्या बाजूची आहे की नाही. मैत्रीण पाठीमागे जाऊन सांगते का? आणि तो काळा घोडा उधळला तेव्हा मी डोळे का मिटले, हे मलाच आठवत नाही. पाय हलले नाहीत एवढं आठवतंय.

२ नोव्हेंबर

आज सकाळी उठता आलं नाही. गुडघे रात्रीतून दुप्पट झालेत. चादर लागली तरी सहन होत नाही. बोटांची मूठ मिटत नाही. पेन बोटांत धरता येत नाही, मुठीत धरून लिहितेय, लहान मूल लिहितं तसं.

मोरीपर्यंत बाबांनी नेलं. आईने केस विंचरले. मी सारखी म्हणत होते, दुपारी उतरेल. दुपार झाली. उतरलं नाही.

५ नोव्हेंबर

डॉक्टरांनी उजव्या गुडघ्यातलं पाणी काढलं.

मी म्हटलं, मला बघायचंय. आई बाहेर जाऊन बसली. डॉक्टरांनी आधी बधिर केलं, मग सुई घातली, आणि नळीत हळूहळू पिवळं, गढूळ पाणी यायला लागलं. संपेचना. एवढं सगळं माझ्या गुडघ्यात मावलं कसं?

"ताणून बघू?" मी विचारलं. निरोगी सांध्यातलं पाणी दोन बोटांत धरलं तर तार सुटते, मधासारखी. घोड्याचं बघितलंय मी.

डॉक्टरांनी मला हातमोजा दिला. थेंब बोटांमध्ये धरला. तार आलीच नाही. साध्या पाण्यासारखा तो टपकन खाली पडला.

कितीतरी वेळ मी त्या बोटांकडे बघत होते. आतापर्यंत लोक सांगत होते की मला आजार आहे, आणि मी कधी मानत होते, कधी नव्हते. हा थेंब कुणाच्या सांगण्यावरून पडला नव्हता. घोड्याच्या गुडघ्यातून असं पाणी निघालं असतं तर त्या घोड्याला मी सोंगाड्या म्हटलं असतं का?

"रविवारची गोळी चालू आहे ना?" डॉक्टरांनी त्याच सुईतून औषध आत सोडता सोडता विचारलं.

"हो," मी म्हटलं. आणि पट्टी बांधून होईपर्यंत मला रडू फुटलं. सगळं सांगितलं. पुस्तक, कुत्री, कर्करोग.

त्या खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. "तेच औषध आहे, बरोबर वाचलंस. पण तिथे पोतंभर देतात, तुला चिमूटभर. चिमूटभराने गाठ मरत नाही. पहारेकरी तेवढे शांत होतात. दर महिन्याला रक्त कशाला तपासते मी? यकृताला काही होत नाही ना, ते बघायलाच. सप्टेंबरात तुला बरं वाटत होतं, ते कशामुळे?"

"मला वाटलं, मला काही झालेलंच नाही म्हणून."

"गोळी लागू पडत होती म्हणून."

हे इतकं सरळ होतं, की मला ऐकूनही समजायला वेळ लागला. औषधाने बरं वाटलं, बरं वाटलं म्हणून औषध सोडलं. माझ्या डोक्यात हे उलटं कसं बसलं होतं?

"मला एक फोन करायचा होतास."

"तुम्ही रागावला असता."

"आता नाही रागावले?"

मी त्यांच्याकडे बघितलं. चेहऱ्यावरून कळेना. "रागावलात की नाही?"

"थोडी," त्या म्हणाल्या. "रविवारी गोळी घे. मळमळीवर वेगळं देते."

घरी येताना आईला सांगितलं. तिने माझी पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली. मग म्हणाली, "पुढच्या वेळी असलं काही वाचलंस की मला वाचून दाखव. उच्चार चुकले तरी अर्थ कळतो मला."

१३ नोव्हेंबर

उजवा गुडघा उतरलाय, तो आत सोडलेल्या औषधाने; डावाही थोडा बरा आहे. टिकेलच असं नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय. रविवारी गोळी घेतली. आई समोर बसली होती. बाबा दाराशी उभे होते, काहीतरी शोधत असल्यासारखे.

आज घोडेसरांना भेटले. वाटेत वाक्यं जुळवली होती, दारात गेल्यावर सगळी पळाली.

"सर, मला मोठ्या जनावरांचीच परीक्षा द्यायचीय."

"पाय उचलता येईल?"

"आज येईल. परीक्षेच्या दिवशी सकाळी कसं असेल ते मला आज सांगता येत नाही."

हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगितलं. सरांनी समोरची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"तुझी मैत्रीण आली होती. म्हणाली, हिला पळता येत नाही आणि ही सांगणार नाही. मी नाव बदललं. तुला विचारायला हवं होतं."

"हो," मी म्हटलं. मला वाटलं होतं मी 'असू दे सर' म्हणेन.

"बाहेर काम करशील तेव्हा पाय उचलायला माणूस असतोच. जनावराचा मालक असतो, नोकर असतो. परीक्षेतही मागता येतो. नियमात आहे, कुणी मागत नाही, कमीपणा वाटतो. मागशील?"

"मागेन."

"बाहेरचे परीक्षक येणार आहेत. मी तुझ्यासाठी मागणार नाही. तू मागायचंस."

खोलीबाहेर आल्यावर आनंद झाला की भीती वाटली, ते ठरेना. माणूस मागायचा म्हणजे सगळ्यांसमोर बोलावं लागणार. आणि आयुष्यभर मागावं लागलं तर? घोड्यांची अशी डॉक्टर असते का, जी पाय दुसऱ्याला उचलायला लावते? असते, असं सर म्हणाले. मी बघितलेली नाही.

शिडीशी बोलणं नाही अजून. ती वर्गात माझ्या मागच्या बाकावर बसते. मी मागे बघत नाही, पण तिचे पाय इतके लांब आहेत की माझ्या बाकाखाली येतात.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

झाली परीक्षा. सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्यापर्यंत मी यातलं अर्धं बदलेन.

सकाळी बरं होतं. फार नाही, पण चालता येत होतं. उजवं मनगट सुजलेलं. ऊन पडलं होतं, तबेल्यासमोर एक तांबडी घोडी उभी. परीक्षक बुटके, सर्दी झालेले, सारखे रुमालात नाक पुसत होते. घोडेसर बाजूला, चेहरा नेहमीचा.

"घोडी लंगडते. कुठे ते शोध," परीक्षक म्हणाले.

"सर, मला पाय उचलायला माणूस लागेल."

आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. रांगेतल्या मुलांनी वळून बघितलं.

"का?"

"मला संधिवात आहे. वाकून धरून ठेवता येईलच असं नाही."

त्यांनी नाक पुसलं. "घे की मग. तो काय नुसता उभाच आहे." आणि तबेल्यातल्या काकांना हाक मारली. बस, एवढंच. मी दोन आठवडे ज्याला घाबरत होते ते एवढ्यात संपलं. मी तिथेच उभी राहिले, कुणीतरी अजून काही बोलेल म्हणून. कुणी बोललं नाही. मग कामाला लागले.

काकांनी घोडी पळवली. पुढचा डावा पाय टेकला की मान वर जायची. दुखरा पाय डावा, यात शंका नाही. तिला उभी केली. मी खांद्यापासून हात खाली नेला. पुढचा गुडघा, म्हणजे खरं तर आपलं मनगट, पण सगळे गुडघाच म्हणतात. तिथे हात थांबला. गरम. मला आतून एकदम कळलंच. अगं बाई, तुलाही?

"गुडघा," मी म्हटलं. "सांध्याला सूज आहे. बहुतेक पाणी झालंय." आणि पुढे मी बोलतच सुटले, पाण्याची तार कशी बघायची, सकाळी आखडणं कसं असेल, तिला उंचावरून उतरायला कसा त्रास होत असेल. घोडेसर आकाशाकडे बघत होते.

"दुसरा गुडघा बघितलास?" परीक्षकांनी विचारलं.

मी उजव्या गुडघ्याला हात लावला. तोही गरम. तेवढाच.

"उन्हात उभी आहे ती सकाळपासून," परीक्षक म्हणाले. "लंगडणाऱ्या घोड्यात पहिलं काय बघतात?"

"खूर."

"बघितलास?"

मला जमिनीने गिळलं असतं तर बरं झालं असतं. पहिल्या वर्षातलं मूल सांगेल. खूर, खूर, आधी खूर. मी खुरापर्यंत गेलेच नव्हते. गुडघ्यात अडकले, आणि अडकले ती तिथेच राहायला गेले. माझ्या जगात जे दुखतं ते गुडघ्यात दुखतं. जगात इतर लोक आहेत, इतर जनावरं आहेत, त्यांना इतर ठिकाणी दुखतं, हे कधीपासून विसरले मी?

"परत बघू?"

"बघ. वेळ आहे."

काकांनी पाय उचलून धरला. मी चिमट्याने खूर दाबत गेले, कडेकडेने. मनगट ओरडत होतं, म्हणून दोन्ही हातांनी. पुढच्या बाहेरच्या बाजूला आले आणि घोडीने पाय हिसकला. परत दाबलं, परत हिसका. दुसरीकडे कुठेही नाही.

"इथे. आत पू धरलाय."

"आता बरोबर," परीक्षक म्हणाले. रुमाल खिशात घातला. "गुडघ्याच्या खालीही घोडा असतो, बाई. लक्षात ठेव. पास होशील, शाबासकी मागू नकोस."

घोडेसर मान खाली घालून खोकले. ते हसले, हे मी शपथेवर सांगू शकते.

तबेल्यामागच्या दगडी कट्ट्यावर जाऊन बसले. हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. कशाचं ते विचारायला कुणी नव्हतं. मग शिडी आली. तिची परीक्षा आधीच झाली होती. ती थोडं अंतर ठेवून बसली.

"काय झालं?"

मी तिला सगळं सांगितलं. उन्हातल्या गुडघ्यापर्यंत आले तेव्हा तिने तोंडावर हात धरला, आणि 'उंचावरून उतरायला त्रास होत असेल' ऐकल्यावर ती कट्ट्यावर आडवी झाली. असं हसताना मी तिला महिन्याभरात बघितलं नव्हतं. मग ती उठून बसली, डोळे पुसले आणि म्हणाली, "मी तुझ्या मागून सरांकडे गेले ते चुकलं माझं."

"हो. आणि मला पळता येत नाही, तेही खरं."

 मी रागावलेली होते, ते संपलं का? संपलं नसावं. पण ती शेजारी बसली होती ते बरं वाटत होतं. दोन्ही एकदम.

घंटा झाली. मुलं बाहेर पडायला लागली. शिडी उभी राहिली. मी उठायला गेले आणि गुडघे उठेनात. दगड थंड होता, मी बराच वेळ बसले होते. एरवी मी पिशवीत काहीतरी शोधायचं नाटक करते, पाय सुटेपर्यंत.

"हात दे," मी म्हटलं.

शिडीला ऐकू आलं नाही असं वाटलं. ती नुसती माझ्याकडे बघत होती.

"अगं, हात दे. दोन्ही. ओढू नकोस, नुसते धरून ठेव, मी उठते."

तिने हात दिले. मी धरले. लगेच उठता आलं नाही. मुलं आमच्या बाजूने जात होती, कुणी बघत होतं, कुणी नव्हतं. ती तशीच उभी राहिली, वाकून, आणि मी माझ्या वेळाने उठले.